नीलाक्काचा नेम

अर्ज लिहायला घेण्याआधी नीलाक्का माणसाला समोरच्या बाकड्यावर बसवायची आणि सगळी हकिकत एकदा तोंडी सांगायला लावायची. माणूस तावातावानं सांगायचा. भावानं बांध कोरला, शेजाऱ्यानं नळाला मोटार लावली, जावयानं पोरीला माहेरी आणून सोडलं. ती मध्ये एक शब्द बोलायची नाही. सगळं ऐकून झालं की चष्म्यावरून बघत विचारायची, "आता सांग, यातलं खरं किती?"

काहीजण चिडायचे. एकदा एक पैलवानासारखा गडी उठून उभा राहिला. "अक्का, तुमी वकील हाव का टायपिस्ट?"

"टायपिस्टच हाय बाबा. पण खाली सही तुझी असणार हाय. ज्याला तू डोळ्यानं बघितला न्हाईस, त्याला चोर म्हणून कशाला लिहून देऊ?"

गडी परत बसला आणि हकिकतीतली दोन नावं त्यानं स्वतःच गाळायला सांगितली.

बीदरला कचेरीच्या रस्त्यावर तिचं टायपिंगचं दुकान आणि माझं चष्म्याचं, यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. ती मराठीत लिहितेय की कानडीत, हे मला बटणांच्या आवाजावरून कळायला लागलं होतं. कानडी सलग पडायची, मराठीत मध्येच एक जोरात टपका बसायचा. मोहल्ल्यातली माणसं दखनी उर्दूत सांगायची, आणि ती मान हलवत, "हौ, आगे बोलो," म्हणत सरळ कानडीत उतरवून मोकळी व्हायची. तिचं माहेर हुमनाबादजवळचं दुबलगुंडी. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. दारात कुणीही आलं की "शरणु" म्हणायची, मग तो साहेब असो नाहीतर भाजीवाली. नवऱ्याचा टाईपरायटरचा क्लास होता. तो गेल्यावर हिनं मशिनी विकल्या, एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्याच जागेत बसली. मूलबाळ नव्हतं. पन्नाशी उलटली होती.

हे सगळं मला माहीत होतं. एक गोष्ट मात्र शेजारी राहूनही बरेच दिवस माहीत नव्हती.

एका दुपारी माझ्याकडं गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीपलीकडून नीलाक्काचा आवाज आला, "रेश्मा, मागं बघ, मागं! जिन्यात बसलाय त्यो!" मी दचकून पळत गेलो. बाकड्यावर एक म्हातारा शेतकरी अर्जाची वाट बघत बसला होता. तोही उठून दुकानाबाहेरच्या जिन्याकडं भेदरून बघत होता. जिन्यात कुणी नव्हतं. नीलाक्का डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवून बसली होती, आणि पडद्यावर एका पडक्या शहरात बंदुका घेतलेली माणसं पळत होती.

"अक्का, हे काय करायलाव?"

"गप्प बस जरा. दोघंच उरलेत."

दोघंही उरले नाहीत. तिनं हेडफोन काढला, म्हाताऱ्याला म्हणाली, "बसा अप्पा, झालंच," आणि त्याचा जमिनीच्या पहाणीच्या उताऱ्याचा अर्ज अशा शांतपणे लिहायला घेतला, जणू मघाशी काही झालंच नाही.

तो कॉम्प्युटर तिनं एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून जुना घेतला होता, आणि खेळ त्यात राहून गेला होता. टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या, अर्ज लिहून घ्यायला माणूस येईना, तेव्हा एका दुपारी तिनं सहज तो उघडला. कळत काहीच नव्हतं. एका भिंतीसमोर बंदूक घेऊन उभी राहिली. तेवढ्यात कानात एक बाई ओरडली, "अगे कौन है तू? पीछू देख, पीछू!" ती रेश्मा. कलबुर्गीला एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळीहून येऊन झोपायची, उठल्यावर दुपारी तासभर खेळायची. त्या दिवसांत तीही घरी एकटीच होती, घरच्यांपासून वेगळी राहत होती. रेश्मानंच हिला चालायला, लपायला, नेम धरायला शिकवलं. पुढं उदगीरचा संतोष आला. त्याचं किराणा दुकान, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिघांची टोळी जमली. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "अक्का, तुमच्या वयाला हे मारामारीचं कशाला?"

ती म्हणाली, "दिगू, दिवसभर माझ्याकडं जे माणूस येतं ते भांडणच घेऊन येतं. मी ते ऐकते, लिहून देते, ते निघून जातं. पुढं काय झालं कुणी सांगाय येत न्हाई. इथं कसं हाय, मेला की मेला. आन् पुन्हा डाव सुरू झाला की समदे उठून उभे." मग हळूच म्हणाली, "आन् ही दोघं रोज इचारतात की, अक्का जेवलाव का."

तिचा नेम जबरदस्त होता. हे मला कळण्यासारखं नव्हतं, पण संतोषचा आवाज हेडफोनमधून बाहेरपर्यंत यायचा, "अक्काऽ, काय मारलाव ओ!" समोरच्या टोळीतली अनोळखी पोरं शिव्या द्यायची. ती त्यांना म्हणायची, "बाळ, तोंड धू," आणि पुढच्या डावात त्यालाच आधी टिपायची.

मग खेळाच्या कंपनीनं पहारा बसवला. या खेळात लबाडी करणारे फार झाले होते. कुणी असा प्रोग्रॅम लावायचा की भिंतीपलीकडचा माणूस दिसायचा, कुणाची बंदूक आपोआप नेम धरायची. त्यांना पकडायला कंपनीनं खेळाबरोबर दुसरा एक प्रोग्रॅम सक्तीचा केला. कॉम्प्युटर चालू झाला की तो सगळ्यांच्या आधी जागा व्हायचा आणि आत काय काय चाललंय ते तपासत बसायचा. नवीन मशिनींना त्याचं काही वाटत नव्हतं. नीलाक्काच्या जुन्या मशिनीची मात्र कंबर मोडली. खेळात चार माणसं एकदम समोर आली की चित्र थिजायचं, मग गचका देऊन पुढं जायचं. टायपिंगचंही तेच. ती गिऱ्हाईकाकडं बघत अख्खी ओळ बडवून मोकळी व्हायची, आणि अक्षरं मागाहून एकेक करत पडद्यावर चढायची.

"हे बघ," ती मला म्हणाली, "लग्नघराच्या दारात वॉचमन ठेवलाय. त्यो समद्यांच्या पिशव्या तपासायलाय. चोर यील तवा यील, पण घरच्या माणसालाच आत यायला उशीर व्हायलाय."

पण तिला त्याचीही सवय झाली. रडत बसणाऱ्यातली ती नव्हती.

पुढं एका दुपारी पलीकडचा बटणांचा आवाज मध्येच थांबला. मग हाक आली, "दिगू, इकडं ये रे जरा."

पडद्यावर लाल चौकट होती. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं, तरी तिनं मला वाचायला लावलं. मी वाचलं. लबाडीची साधनं वापरल्याचं आढळल्यावरून हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती पडद्याकडं बघूनच म्हणाली, "कामून?"

त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. आलेल्या दोन माणसांना उद्या या म्हणाली. तिच्या तोंडून "उद्या या" मी पहिल्यांदा ऐकलं.

कारण रेश्मानं शोधून काढलं. तिनं इंटरनेटवर असलीच तक्रार करणारे आणखी लोक गाठले, आणि फोनवरून नीलाक्काला समजावलं. ती समजूत स्पीकरवर मीही ऐकली. नीलाक्काचा मराठी-कानडीचा टायपिंग प्रोग्रॅम फार जुना होता. तो बटणं आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसायचा. इकडून बटण दाबलं की तो ते अडवायचा, त्याचं अक्षर करायचा आणि पुढं पाठवायचा. लबाडीचे प्रोग्रॅमही तसेच मध्ये बसतात. पहारेकऱ्याला दोन्हीतला फरक कळला नव्हता. ज्या प्रोग्रॅमवर नीलाक्का पोट भरत होती, त्यालाच त्यानं चोराचं हत्यार समजलं होतं.

"म्हंजे मी मराठी लिहिते म्हणून चोर?" नीलाक्का म्हणाली.

"आन् कन्नड भी," रेश्मा तिकडून म्हणाली. दोघी हसल्या, पण नीलाक्काचं हसू टिकलं नाही.

कंपनीकडं दाद मागायची होती. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, तिला स्वतःचा लिहिता येईना. दोनदा सुरू केला, दोनदा पुसला. शेवटी मला समोरच्या बाकड्यावर बसवलं. "तू इचार मला."

"काय विचारू?"

"मी लोकास्नी जे इचारते ते."

मी घसा खाकरून म्हणालो, "अक्का, यातलं खरं किती?"

तिनं एका दमात सांगितलं आणि सांगता सांगता लिहिलं. मी कोण, काय काम करते, कोणता प्रोग्रॅम, तो कशासाठी. शेवटी एक ओळ घातली, की मी या खेळात पुष्कळ माणसं मारली, पण एकही चोरून मारला नाही. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते माणसानं वाचलं नसणार हे मलाही कळलं. निर्णय अंतिम आहे.

हे तिनं सोसलं असतं. संतोषचं तिला सोसलं नाही. एका दुपारी तिघं नुसतेच फोनवर बोलत बसले होते. बोलता बोलता संतोषनं आवाज खाली आणून विचारलं, "अक्का, एक इचारू का? राग धरू नगा. तुमी खरंच काय लावलं न्हवतं न्हवं?"

नीलाक्कानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला उठली. परत आली ती सरळ कामाला बसली. हेडफोनमधून बारीक आवाज येतच होता, "अक्का? अक्काऽ?"

रेश्मानं मग हट्ट धरला. कलबुर्गीत एका माणसानं खेळांचा हॉल काढला होता, ओळीनं भारी भारी मशिनी लावलेल्या. तिथं एका रविवारी स्पर्धा होती. खेळायचं हॉलच्याच मशिनीवर, हॉलच्याच खात्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "अक्का, तुमे आव. सबके सामने खेलो. बस्स." संतोषलाही तिनं बोलावलं. नीलाक्का नको नको म्हणत होती. शेवटी मला म्हणाली, "दिगू, तू येत असशील तर जाऊ." मी दुकानाला कुलूप लावलं.

हुमनाबादवरून बसनं गेलो. ती इरकल लुगडं नेसली होती, लग्नाला चालल्यासारखी. स्टँडवर रेश्मा उभी होती. आवाजावरून मी दांडगी बाई डोळ्यांपुढं आणली होती, ही तर लहानखुरी, चटपटीत, बुरख्यावर पाठीला सॅक. मग रेश्मा म्हणाली, "अक्का, जेवले क्या?" आणि नीलाक्कानं तिला जवळ ओढून घेतलं.

हॉलमध्ये थंडगार हवा, निळे दिवे, सगळीकडं तरणी पोरं. नीलाक्काला बघून कुणीतरी खुर्ची रिकामी करून दिली, तिला कुणाची तरी आई समजून. संतोष भिंतीला टेकून उभा होता. गोल, हसऱ्या चेहऱ्याचा, पण त्या दिवशी हसत नव्हता. त्यानं हात जोडले, तिनंही जोडले.

डाव सुरू झाला. आणि नीलाक्काला एकही माणूस टिपता येईना.

मी तिच्या मागं उभा होतो. तिची गोळी सुटायची ती रिकाम्या जागेत. माणूस त्यानंतर तिथं यायचा आणि हिला मारून जायचा. पुन्हा तेच. पोरं आधी हसली, मग कुजबुजायला लागली. खातं बंद झालेली बाई ती हीच, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. एकजण तर मोठ्यानंच बोलला, "घरी काहीतरी लावूनच खेळत असंल." संतोष खाली बघत होता. रेश्माच्या डोळ्यांत पाणी.

नीलाक्कानं हात मांडीवर ठेवले. शेजारच्या पोराच्या पडद्याकडं बघत राहिली, थोडा वेळ, मन लावून. मग उठून हॉलच्या मालकाकडं गेली.

"बाबा, तुझ्याकडं याहून भिकार कॉम्प्युटर हाय का?"

तो चक्रावला. "भिकार?"

"जुना. अडकणारा."

काउंटरवर एक होता, ज्यावर तो बिलं काढायचा. खेळ त्यातही होता, पण कुणी हात लावत नव्हतं. "अक्का, त्याच्यावर काय खेळता? चित्र तटतट तुटतंय."

"तेच पायजे. आन् संतोषला चांगल्या मशिनीवर बसव. त्यो आन् मी, दोघंच."

काउंटरमागच्या त्या उंच स्टुलावर ती लुगडं सावरून बसली. पहिल्या दोन झटापटी तिनं घालवल्या. हाताला मशिनीची सवय करून घेत होती. मग चित्र थिजलं, गचका बसला, आणि गचका संपायच्या आत संतोष पडला. पुन्हा पडला. जिन्यातून उतरताना, दारातून वळताना, भिंतीआडून डोकावताना. पोरं आपापल्या मशिनी सोडून काउंटरभोवती गोळा झाली. आता कुणी हसत नव्हतं. संतोष स्वतःच खुर्चीवरून उठला आणि तिच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या जागी दुसरा पोरगा बसला. संतोष पडद्याकडं बघत नव्हता, तिच्या बोटाकडं बघत होता.

"अक्का," तो म्हणाला, "माणूस दिसायच्या आधीच मारायलाव की तुमी!"

"माझ्याकडं दिसायला उशीर होतोय रे. दिसल्यावर मारते म्हटलं तर मीच मरणार. म्हणून त्यो आता कुठं पोचला असंल ते मनात धरायचं आन् तिथं मारायचं." तिनं त्या भारी मशिनींच्या रांगेकडं हनुवटी केली. "तिथं उशीरच न्हाई. माझी गोळी आधी पोचायलीय."

संतोष एवढा बोलका माणूस. एवढंच म्हणाला, "माझं चुकलं अक्का."

"चुकलं न्हाई. इचारलास ते बरं केलास. न इचारता मनात ठेवला असतास तर त्ये वाईट." आणि स्टुलावरून उतरत म्हणाली, "आता कायतरी खायला घाल."

स्पर्धेत ती हरलेलीच होती. बक्षीस भलत्याच टोळीनं नेलं. आम्ही चौघांनी स्टँडजवळ गरम भजी खाल्ली. संतोषनं उदगीरहून येताना घरची शेंगाचटणी आणली होती, तिची पुडी तो परत न्यायलाच निघाला होता. रेश्मानं त्याला आठवण करून दिली.

पुढं काही महिन्यांनी तिचं खातं खुलं झालं. टायपिंगवाल्या बऱ्याच लोकांनी आरडाओरडा केला असावा. माफी वगैरे काही नव्हती, खातं पूर्ववत केलं आहे एवढंच होतं, आणि खेळताना तो जुना प्रोग्रॅम चालू ठेवू नये अशी सूचना. नीलाक्का मग दुपारी काम आटपलं की तो बंद करायची, मशीन पुन्हा चालू करायची, मशीन जागी होईपर्यंत डबा खायची आणि मग खेळायला बसायची. तेवढ्यात कुणी अर्ज घेऊन आलं तर सगळं उलटं. तिनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

पण पहारा वाढत गेला. शेवटी त्यानं मशिनीच्या पोटातच असं काहीतरी असायला हवं म्हटलं, जे तिच्या मशिनीत मुळातच नव्हतं. खेळ उघडायचा बंद झाला. या खेपेला तिच्यावर कसला ठपका नव्हता. मशीन म्हातारी झाली होती, एवढंच.

संतोष म्हणाला, नवीन घ्या. रेश्मा म्हणाली, मी बघून देते. नीलाक्कानं दुरुस्तीवाल्याला विचारून घेतलं. तो जुना टायपिंग प्रोग्रॅम नव्या मशिनीवर चालणार नव्हता, आणि त्याच्यावर बसलेला तिचा हात नव्या कुठल्या प्रोग्रॅमवर बसायला वर्ष गेलं असतं. दुकानात दोन मशिनी मांडायला जागा नव्हती. तिनं दोन दिवस विचार केला.

"ऱ्हाऊ दे दिगू," मला म्हणाली. "लोक दारात बसून असतेत. त्येंचं लिहायचं थांबवून मी खेळाय बसू व्हय?" आणि त्यानंतर बराच वेळ बाकड्यावरची धूळ पुसत राहिली, धूळ नसताना.

दुपारी भिंतीपलीकडं शांतता असायची. मला ती सहन होत नव्हती. मी उगाच जाऊन बसायचो, ती उगाच मला चहा पाजायची.

पुढं माझ्या मुलीनं हैदराबादला दुकान काढलं आणि आम्ही बीदर सोडायचं ठरवलं. सामान गेलं. मी बसच्या आधी अक्काचा निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ. बाकड्यावर एक बाई मांडीवर कागदांची पिशवी घेऊन चुपचाप बसली होती. तिनं मला बोटानं गप्प बसायची खूण केली.

नीलाक्कानं फोन भिंतीला टेकवून उभा केला होता. त्यात रेश्माच्या खेळाचा पडदा दिसत होता, म्हणजे दिसायला हवा होता. फोनवरून येताना चित्र फाटत होतं, थांबत होतं. नीलाक्का त्याच्याकडं बघतच नव्हती. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी. शेतात उभं राहून लांबून येणारी गाडी ओळखावी, तशी ती पावलं ऐकत होती.

"दोघं हाईत," ती म्हणाली. "एक जिना चढायलाय, त्याचा नाद सोड. दुसरा तुझ्या डाव्या हाताला, पत्र्यावरून चालायलाय."

तिकडून रेश्मा काहीतरी घाबरून बोलली.

मी दारातच थांबलो. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. बसची वेळ होत होती.

"काय होत न्हाई बाई," नीलाक्का डोळे न उघडता म्हणाली. "तू हो पुढं. मी ऐकायलेय."